‘नाही’ म्हणणाऱ्याची जागा

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातील कपाटावर एक जुना चषक आहे. युवकांच्या फुटबॉल संघाची देखरेख आमच्याकडे होती, त्या काळातला. अंतिम सामन्याच्या मध्यंतरात एका बचावपटूचा घोटा सुजलेला आम्हाला दिसला. “फादर, काही नाही झालं, मी खेळतो,” तो म्हणाला. “बघ बाबा, जमत असेल तर खेळ,” असे आम्ही म्हणालो. तो खेळला, संघ जिंकला, वाजतगाजत मिरवणूक निघाली. तो मुलगा मात्र पुढे कित्येक महिने लंगडत होता. पुष्कळ दिवसांनी त्याने सहज विचारले, “फादर, मी नाही म्हटलं असतं, तर पुढच्या वर्षी मला संघात घेतलं असतं का?” आम्ही निरुत्तर झालो.

‘विजिगीषू वृत्ती’ हा आज क्रीडाक्षेत्रातील परवलीचा शब्द झाला आहे. प्रशिक्षकाने संघाला जिंकण्याची सवय लावली पाहिजे, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. सद्गुण सरावाने अंगी बाणतात, धैर्याची कृत्ये करता करताच मनुष्य धीट होतो, असे ॲरिस्टॉटलने शिकवले. संघाचेही तसेच आहे. परंतु कोणत्या सवयी लावायच्या आणि त्यांची किंमत कोणी मोजायची, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधताना आम्हाला हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आठवतात. पेशाने ते मूळचे शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०–१ अशी हार पत्करली. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. अशा पराभवानंतर दोष कोणाच्या माथी मारायचा, याचीच चर्चा सहसा होते. रहीमसाहेब मात्र शिकत राहिले. १९५६ साली मेलबर्नला त्यांचाच संघ ऑलिंपिकमध्ये चौथा आला. मुंबईच्या मैदानांवर गाजलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, ते याच स्पर्धेत.

रहीमसाहेबांच्या दोन पद्धती आम्हाला विशेष मननीय वाटतात. हैदराबादेत ते अशा स्पर्धा भरवीत, की ज्यांत चेंडू पायाशी घोळवत नेण्यास मनाई असे. तो लगेच सोबत्याकडे द्यावा लागे. शिवाय खेळाडूंना ते आपल्या दुबळ्या पायाने खेळायला लावीत. आपल्याजवळचे दुसऱ्याच्या स्वाधीन करणे आणि जे दुबळे आहे ते लपवून न ठेवता कामाला लावणे, असा हा दुहेरी धडा होता. भाषणांनी नव्हे, तर अशा रोजच्या नियमांनी संघाचे मन घडते.

आता अवघड भागाकडे वळू. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०–२ असा हरला. पुढे थायलंडविरुद्ध बचावपटू जरनैलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. जपानविरुद्धच्या सामन्याला ते मुकले. परंतु उपांत्य सामन्यात रहीमसाहेबांनी त्यांना चक्क आघाडीवर उतरवले. ४ सप्टेंबरला, विरोधात गेलेल्या प्रेक्षकांच्या गदारोळात, भारताने त्याच कोरियाला २–१ असे नमवले. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जखमी जरनैलसिंगांचा. रहीमसाहेब स्वतः कर्करोगाने पोखरलेले होते; पुढच्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले.

ही कथा सांगताना ऊर भरून येतो आणि तेथेच सावध व्हायला हवे. मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने बजावले आहे. जरनैलसिंगांच्या कपाळावरचे टाके आपल्याला अभिमानास्पद वाटतात, कारण तो त्याग त्यांनी स्वेच्छेने केला असे आपण मानतो. पण ‘मी खेळतो’ या शब्दांतील स्वेच्छा ओळखायची कशी? सारा संघ टक लावून पाहत असताना पंधरा वर्षांचा मुलगा दुसरे काय म्हणणार? प्रौढ, कसलेल्या खेळाडूचा होकार आणि अशा पोराचा होकार यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही.

होकाराची पारख होकारात होत नाही, असे आम्हाला वाटते. ती नकारात होते. जेथे ‘नाही’ म्हणणाऱ्याची जागा अबाधित राहते, तेथीलच ‘हो’ मोकळा असतो आणि तेथीलच त्यागाला त्याग म्हणावे. एरवी ती वसुली असते, मग तिला संघभावनेचे नाव देवोत की श्रद्धेचे. कुटुंबात आणि धर्मग्रामातही हेच खरे आहे. जो कधी नकार देत नाही, त्याच्यावरच आपण कामे लादत जातो आणि वर त्याच्या सेवावृत्तीची स्तुती करतो.

आमची चूक त्या मुलाला खेळवण्याइतकीच ‘जमत असेल तर’ या शब्दांत होती. निर्णय आमचा होता. तो आम्ही त्याच्या सुजलेल्या घोट्यावर टाकून मोकळे झालो. त्याला बाजूला घेऊन सांगायला हवे होते, “तू आज बस. तुझी जागा तुझीच आहे.” कदाचित आपला संघ हरला असता. पण हरलेल्या दिवशीही आपली जागा जात नाही, हे ज्या मुलांना ठाऊक असते, ती निर्भयपणे खेळतात आणि निर्भय संघच बहुधा जिंकतात. हेलसिंकीपासून मेलबर्नपर्यंतचा प्रवास आम्हाला हेच सांगतो.

तो मुलगा आता स्वतः लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. परवा मैदानावर त्याने एका लंगडणाऱ्या मुलाला काही न विचारता बाहेर बोलावले आणि आपल्याशेजारी बसवले. सामना त्यांनी गमावला. पुढच्या रविवारी तोच मुलगा आपल्या नेहमीच्या जागी उभा होता.

त्याच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नव्हते. ते त्याने स्वतःच दिले.