वाया जाणारें पाणी

बारामती व इंदापूर या आमच्या दोन तालुक्यांत ‘पाणी वाया गेलें’ यासारखें दुःखाचें वाक्य दुसरें नाहीं. वर्षाकांठीं वीस-बावीस इंच पाऊस, आणि तोही बेभरंवशाचा. तेव्हां हें दुःख यथार्थच आहे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहूं लागला व पुढें भाटघरच्या धरणानें येथील पुष्कळ जिराइताचें बागाईत झालें. तेव्हांपासून येथील मनुष्य पाणी पाहतो तें पाळीच्या हिशेबानें.

असा मनुष्य पावसाळा सरतां सरतां भोरवरून वरंध घाट उतरून शिवथरघळीस जातो, तेव्हां एक नैतिक प्रश्न उभा राहतो. झाडींतली वाट थोडकीच. पायऱ्या चढून गेलें कीं कड्यावरून कोसळणारा धबधबा समोर येतो. दासबोध याच घळींत लिहिला गेला अशी परंपरा आहे. परंतु हें पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस पडलें. सावित्रीच्या खोऱ्यांतून तें अरबी समुद्रास मिळणार. तेंच माथ्याच्या पूर्वेस पडतें, तर नीरेवाटे आमच्या शेतांशीं आलें असतें आणि उरलेलें नीरा-नरसिंहपुरास भीमेला मिळालें असतें. मग या दृश्यानें आनंदित होणें म्हणजे नुकसानीचा सोहळा करणें नव्हे काय?

आमचें मत तसें नाहीं. ‘वाया’ या शब्दांत एक गृहीत दडलेलें असतें: जें माझ्या उपयोगीं पडलें नाहीं, तें कोणाच्याच उपयोगीं पडलें नाहीं. वस्तुतः सह्याद्रीखालच्या पाण्यावर कोंकणांत भातखाचरें पिकतात, खाडींत मासळी जगते. पण उपयोग दाखवून धबधब्याचें समर्थन करावें, हेंही आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. तीही हिशेबाचीच भाषा झाली. धबधब्यापुढें उभा असतां मनुष्य कांहीं काळ मालक नसतो. आपली नसलेली वस्तु विपुल असावी आणि त्यांत आपणांस सुख वाटावें, ही सौंदर्याची देणगी होय. आणि नीतीशीं तिचा निकटचा संबंध आहे.

तो संबंध कालव्यावरच पाहावा. वरच्या अंगाला उसास पाणी भरणाऱ्या शेतकऱ्यास इंदापुराकडील शेवटच्या टोकाचें शेत दिसत नाहीं. आपल्या बांधापलीकडे गेलेलें पाणी त्याच्या लेखीं वायाच. अशास कायदा पाळी शिकवील, न्याय शिकवूं शकणार नाहीं. तहानलेल्यास सौंदर्याचें व्याख्यान द्यावें, असें आम्ही म्हणत नाहीं. टंचाई खरी आहे, धरणेंही हवींत. परंतु आपलें नसलेलें पाणी वाहतांना पाहून ज्यास आनंद होऊं शकतो, त्यास शेजाऱ्याच्या पाटांतलें पाणी शांत मनानें पाहणें कमी कठीण जाईल, एवढी आशा बाळगण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं.