नगद आणि नारायण

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला वारकरी ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. गडाचे मूळ सत्पुरुष नगद नारायण महाराज. नावातला नारायण संस्कृत, पण नगद मूळचा अरबी ‘नक्द’. फारसीच्या हाताला धरून आला आणि मराठी बाजारात रुळला. आज तो जयघोषात आहे, आणि त्यामुळे नामाला विटाळ झाला असे कुणाही भाविकाला वाटत नाही.

वाटायला हवे का? प्रश्न जुना आहे आणि तो अंगावर घेतला तोही सर्वांत कर्मठ समजल्या जाणाऱ्या मंडळींनी. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय, शब्द आणि अर्थ यांचे नाते नित्य. पण वेदातच पिक, नेम, तामरस असे शब्द निघाले. ते आर्यांच्या बोलण्यात नव्हते, म्लेंच्छांच्या होते. मग व्याकरणाची खटपट करून त्यांना एखादा धातू चिकटवायचा, की सरळ म्लेंच्छांना अर्थ विचारायचा? मीमांसासूत्रांचे भाष्यकार शबरस्वामींचा निर्णय असा, की म्लेंच्छांना विचारा. पिक म्हणजे कोकीळ, नेम म्हणजे अर्धा. शब्दशुद्धीच्या नावाने बाह्या सरसावणाऱ्यांनी हे अधिकरण एकदा तरी वाचावे.

पैठणचे एकनाथ तर आणखी पुढे गेले. त्यांच्या ‘अर्जदस्त’ भारुडात शरीराचा परगणा होतो, बुद्धी कारकून होते आणि देवाच्या दरबारी फारसी थाटाचा अर्ज जातो. रयत ज्या भाषेत सरकारकडे दाद मागे, त्याच भाषेत जीवाने देवाकडे मागितली.

राज्यकारभाराची गरज निराळी. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. अलीकडचा मासला स्वीडनचा. तिथे १८०९ मध्ये कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणारे ‘ओम्बड्समन’ हे पद आले. इंग्रजीने शब्द जसाच्या तसा उचलला. भारतात १९६३ मध्ये खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवींनी त्याला ‘लोकपाल’ म्हटले, आणि महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात ‘लोकायुक्त’. पद परके, नाव घरचे; काम अडले नाही.

देवाधर्माच्या नावांना मात्र ही अदलाबदल सोसत नाही. एकदा रूढ झालेला अर्थ व्युत्पत्तीला मागे सारतो, हाही मीमांसकांचाच न्याय. अर्थ तोच म्हणून ‘रोख नारायण महाराज की जय’ अशी आरोळी कुणी गडावर ठोकून पाहावी. साथीला एकही आवाज उठणार नाही.