चोरांच्याही स्वामीला नमस्कार, मग दाराला कुलूप कशाला?

॥ श्री ॥

आजचं चिंतन : श्रीरुद्र, नमक, अनुवाक तिसरा



आज सोमवार, म्हणून रुद्र. श्रावणात घरी लघुरुद्र झाला असेल तर नमकाचा नाद तुमच्या कानात असेलच. अर्थ मात्र पहिल्यांदा कळतो तेव्हा दचकायला होतं. तैत्तिरीय संहितेतल्या या पाठात, तिसऱ्या अनुवाकात, ऋषी एकामागोमाग एक नमस्कार घालत जातात आणि रुद्राला चक्क चोरांचा स्वामी म्हणतात. लुटारूंचा आणि फसवणाऱ्यांचाही!

यावर एका वाचक मैत्रिणीने विचारलं, "चोरातही देवच असेल तर कुलूप, कॅमेरा, वॉचमन हे सगळं म्हणजे अश्रद्धाच नाही का?"

रत्नागिरीत राहून हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. आमच्याकडच्या वाड्यांमध्ये कित्येक घरं वर्षातून दोन-तीनदाच उघडतात : गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात. माणसं मुंबई-पुण्याला आणि घरात मागे उरतात समया, तांब्याचे हंडे, देवघरातले चांदीचे टाक. अंगणात साठलेला पाचोळा आणि सुकलेली तुळस पाहिली की घर बंद आहे हे कुणालाही कळतं. चोराला तर आधी कळतं.

उत्तर शोधायला रुद्रातच थोडं पुढे जाऊ या. दहाव्या अनुवाकात तेच ऋषी कळवळून मागतात : आमच्या थोरामोठ्यांना, लेकरांना, गाई-घोड्यांना इजा होऊ देऊ नकोस. म्हणजे ज्यांना चोरात ईश्वर दिसला, त्यांनाही आपल्या माणसांची काळजी होतीच. चोराच्या अंतर्यामी जो आहे त्याला हा नमस्कार आहे, चोरीला नाही. आणि ज्याचं मन आज डळमळतंय, त्याच्यासमोर दार सताड उघडं ठेवणं ही काही त्याच्यावरची दया नव्हे. कुलूप आपल्याला वाचवतं, तसं कधी कधी त्यालाही वाचवतं.

गांधीजींनी 1909 साली 'हिंद स्वराज्य'मध्ये याच्या अगदी उलट सुचवलंय. चोराला मारायच्या तयारीत बसू नका, दारं-खिडक्या उघडी ठेवा, त्याचं मनच पालटू द्या. मला हा मार्ग खूप मोठा वाटतो. पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. माझ्या वस्तूंवर मी पाणी सोडलं तर तो माझा त्याग. शेजारच्या आजींनी विश्वासाने माझ्याकडे ठेवलेल्या पाटल्यांवर मी पाणी सोडलं तर त्याला त्याग म्हणत नाहीत. आपलं सोडावं, दुसऱ्याचं राखावं. एवढं धरून ठेवलं की श्रद्धा आणि कुलूप यांचं भांडण मिटतं.

आपल्या कोकणात यासाठी सुंदर शब्द आहे, राखण. ग्रामदेवतेला आपण गाऱ्हाणं घालतो, गावाच्या राखणदाराला मान देतो. हापूसच्या दिवसांत बागेत रात्रभर बॅटरी घेऊन फिरणारा माणूस पुष्कळदा नेपाळहून आलेला असतो. तो आपले आंबे राखतो तेव्हा तिकडे डोंगरात त्याचं घर कोण राखतं? त्याची माणसं, त्याचे शेजारी. एकट्याने स्वतःचं घर राखता येत नाही. प्रत्येकजण दुसऱ्या कुणाचं तरी राखत असतो, म्हणून सगळ्यांचं राहतं.

पण राखणीला एक कीडही लागते, संशयाची. आमच्या भागात एक घर फुटलं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका फिरत्या विक्रेत्याचा फोटो आला, खाली 'सावध राहा'. पुरावा काय? तो परका दिसतो, एवढाच. तासाभरात तो फोटो किती ग्रुपांवर गेला कोण जाणे. शेवटी एका काकूंनी लिहिलं, "तो गेली कित्येक वर्षं माझ्या दारात येतो, पाणी पिऊन जातो. कुणी काही पाहिलं असेल तर पोलिसांना सांगा, नाहीतर फोटो काढा." फोटो निघाला, पण पुढे गेलेला परत कसा आणायचा?

पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय सांगितलंय, म्हणजे चोरी न करणं. मला वाटतं, निरपराध माणसाची अब्रू नेणं हीसुद्धा चोरीच आहे. दागिना कधीतरी सापडू शकतो. गरिबाचं नाव एकदा गेलं की गेलं.

तर आजची साधना अगदी साधी, पण करायचीच :

• गावच्या घराची एक किल्ली आणि तुमचा नंबर भरवशाच्या शेजाऱ्याकडे द्या. अंगण झाडायला, संध्याकाळी दिवा लावायला कुणाला तरी सांगा आणि त्या माणसाला त्याचा मोबदला द्या.
• फिरायला गेल्याचे फोटो घरी परतल्यावर टाका. "घर रिकामं आहे" ही दवंडी आपणच कशाला पिटायची?
• मौल्यवान वस्तूंचे फोटो आणि बिलं जपून ठेवा. रोज लागत नाही ते बँकेच्या लॉकरमध्ये.
• काही संशयास्पद दिसलं तर 112 वर फोन करा. ग्रुपवर कुणाचा चेहरा फिरवू नका.
• बिल नसलेला स्वस्त मोबाईल मोहाने घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार गुन्हा आहे. घेणारे आहेत म्हणून तर चोरणारे आहेत.
• तुमच्या बाजूचं एक बंद घर मनाने 'आपलं' ठरवा. येता-जाता त्याच्या दाराकडे एकदा नजर टाका.

रात्री कडी लावताना मी हल्ली मनात एवढंच म्हणते : महादेवा, आत जे आहेत ते तुझे, बाहेर अंधारात जो कुणी असेल तोही तुझाच. आम्हाला भयापासून राख आणि त्याला मोहापासून राख.

उद्या भेटूच. 🙏