तांब्याभर पाणी

सामुदायिक परिचर्येत नर्सिंगच्या विद्यार्थिनीकडून घोटून घेतात ती बॅग टेक्निक. घरभेटीला गेल्यावर सामानाची बॅग थेट जमिनीवर टेकवायची नाही, वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवायची. आधी साबण आणि टॉवेल काढायचा, हात धुवायचे, मगच आतल्या सामानाला हात लावायचा. निघताना कागदाची मळकी बाजू आत घेऊन घडी घालायची.

पाणी मात्र बॅगेत नसतं, ते त्या घरातच मागावं लागतं. ऐन मे महिन्यात, घरच्या बाईने लांबून डोक्यावर आणलेल्या हंड्यातलं पाणी किती मागायचं? ती तांब्या घेऊन येते, विद्यार्थिनीच्या हातांवर धार धरते. तेवढ्या वेळापुरती ती देणारी असते आणि सेवा द्यायला आलेली मुलगी घेणारी. आपण इथे आधी पाहुणे आहोत, हे उमगलं की सल्ल्याचा सूर आपोआप खाली येतो. करुणा हा फार जड शब्द झाला. आपल्याकडे त्याला विचारपूस म्हणतात.

पण विचारपूस सवडीने होते. सरकारी निकषाप्रमाणे सपाटीवर 5000 आणि डोंगराळ-आदिवासी भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. तिथल्या सिस्टरच्या वाट्याला लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, घरभेटी, शिवाय रजिस्टरं आणि मोबाइलवरची माहिती. अशा धबडग्यात सिस्टर कधी खेकसली, तर आपण तिच्या स्वभावावर बोट ठेवतो. कामाच्या बोजाचं खापर तिच्या स्वभावावर फोडणं सोपं जातं.

विचारपूस शिकवताही येते. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला गावांच्या आरोग्याचं काम सुरू केलं. आरोग्यसेविका म्हणून त्यांनी गावातल्याच बायका घेतल्या, त्यांतल्या कित्येक निरक्षर. आजार आणि उपचार शिकवताना त्यांनी या बायकांना स्वतःची किंमत ओळखायलाही शिकवलं. घरात जिचं कोणी ऐकून घेत नव्हतं, तिचं आधी ऐकून घेतलं. मग गाव तिचं ऐकू लागलं.

नर्सिंग कॉलेजांनी यातलं ऐकून घेणं तरी उचलावं. वस्तीतून परतलेल्या मुलींच्या वह्या तपासण्याआधी अर्धा तास त्यांच्याशी बोलावं. आज कुठलं घर डोळ्यांपुढून हलत नाही? कुठे राग आला, कुठे रडू आवरलं? या बोलण्याला गुण ठेवू नयेत. नोकरी लागल्यावर महिन्याच्या आढावा बैठकीतही उद्दिष्टांचे आकडे मागण्याआधी कुणीतरी विचारावं, “सिस्टर, तुम्ही जेवलात का?”