नोकरी सोडण्याचा हक

कायम नोकरी सोडून कुणी एखाद्या लहानशा प्रयोगशील शाळेत शिकवायला गेला, की आपल्या समाजात दोनच प्रतिक्रिया उमटतात. काहीजण म्हणतात, 'याचं डोकं फिरलंय.' काहीजण म्हणतात, 'केवढी ही कुर्बानी!' आम्हाला दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच उथळ वाटतात. पहिलीला शिक्षणाशी देणेघेणे नाही आणि दुसरीला त्या माणसाच्या घराशी. खरा प्रश्न या दोहोंच्या मध्ये आहे. नोकरी आपली असली, तरी ती सोडण्याचा हक एकट्या आपला असतो का?

हा प्रश्न आम्हाला आज का पडला, तेही सांगायला हवे. आम्ही म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत राहणारे, उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे चार शिक्षक. बदलापूरच्या पलीकडे, शेतांच्या कडेला, चाळीस-पंचेचाळीस मुलांची एक शाळा चालते. आमचा एक मित्र अंबरनाथच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून तिथे विज्ञान शिकवायला गेला, त्याला तीन वर्षे झाली. त्या शाळेत मुले कांद्याचे वाफे मोजून क्षेत्रफळ शिकतात, आठवडी बाजारात जाऊन हिशेब शिकतात. चुकीच्या उत्तरावर तिथे कुणी लाल फुली मारत नाही. ते उत्तर मुलाला कसे सुचले, हे आधी विचारतात. आता त्या शाळेला गणितासाठी आणखी एक शिक्षक हवा आहे, आणि तसा निरोप आमच्याकडे आला आहे. पगार आजच्या निम्म्याहून कमी.

पगाराचे महत्त्व ज्यांना कधी पगाराची वाट पाहावी लागली नाही, त्यांनी आम्हाला समजावू नये. बी.एड. झाल्यावर आमच्यापैकी तिघांनी शिक्षण सेवक म्हणून दरमहा आठ हजार रुपयांवर तीन तीन वर्षे काढली. ते मानधन २०२३ साली वाढले, तोवर आमची ती वर्षे सरली होती. नोकरी कायम झाली, तेव्हा कुठे बहिणीचे लग्न झाले, अब्बांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, बदलापुरात एका खोलीचे घर कर्जावर घेता आले. 'रिज्क देणारा अल्लाह आहे' असे आम्हाला सांगितले जाते. ते खरेच आहे. पण त्या भरवशावर धाकट्या भावाची कॉलेजची फी थकवण्याची मुभा आम्हाला कुणी दिलेली नाही. घरच्यांचे आपल्यावर हक आहेत. हुकूकुल इबाद हा शब्द आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. तो नोकरीच्या राजीनाम्यालाही लागू आहे.

मग ज्यांनी नोकऱ्या सोडल्या, त्यांनी काय केले? गिजुभाई बधेका वकील होते. चालती वकिली सोडून ते १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयातली नोकरी सोडून १९२३ साली त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा त्यांच्या पदरी लहान मुलगी होती. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. हा भाग आज पालघर जिल्ह्यात असला, तरी २०१४ पर्यंत तो आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. मुले गुरे राखायला जातात, तर कुरणात शाळा भरवायची, असे या दोघींनी करून दाखवले.

या हकिकतीत आम्हाला नोकरी सोडण्यापेक्षा दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. कोसबाडची शाळा ज्यांना शाळाच नव्हती त्यांच्यापर्यंत गेली. आजच्या शहरांतल्या प्रयोगशील शाळांना हा प्रश्न विचारला पाहिजे. त्यांतल्या किती शाळांत उल्हासनगरच्या कॅम्पांतली, जीन्सच्या कारखान्यांत राबणाऱ्या बापांची मुले बसतात? सच्चर समितीने २००६ साली नोंदवले, की ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. मुलाने शाळा सोडली, की मदरशाकडे बोट दाखवण्याची आपल्याकडे रीत आहे. पण मदरशात शिकणारी मुले याच समितीला जेमतेम तीन टक्के आढळली. बाकीची कारखान्यात, गॅरेजात किंवा आमच्यासारख्यांच्या वर्गात आहेत. आम्ही तो वर्ग सोडून पंचेचाळीस मुलांच्या शाळेत गेलो, तर इथल्या साठ मुलांच्या हकाचे काय?

गिजुभाईंनाही हा प्रश्न पडला असावा, असे आम्हाला त्यांच्या 'दिवास्वप्न'वरून वाटते. त्यातला शिक्षक वेगळी शाळा काढत नाही. तो शिक्षणाधिकाऱ्याकडे साध्या प्राथमिक शाळेतला चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो आणि त्याच भिंतींत गोष्टी, खेळ, स्वच्छता यांनी शिकवू लागतो. ज्याने स्वतः वेगळी शाळा उभी केली, त्याने पुस्तकात मात्र चालू शाळेतला वर्ग निवडला. राहणाऱ्यालाही काम आहे, हे यावरून समजावे.

आपल्या समाजाला जवळचे उदाहरण जामिया मिल्लियाचे आहे. १९२० साली अलीगढला सुरू झालेली ही संस्था १९२५ साली दिल्लीला आली, तेव्हा ती बंद पडण्याच्या बेतात होती. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेले झाकिर हुसेन १९२६ साली तिथे रुजू झाले. त्यांना दुसरीकडे मोठा पगार सहज मिळाला असता. १९२८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी प्रतिज्ञा घेतली: वीस वर्षे जामियाची सेवा करायची आणि महिना दीडशे रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत. झाकिरसाहेब १९४८ पर्यंत तिथे राहिले. दरम्यान १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने परिषद भरली आणि नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले.

या प्रतिज्ञेचे आपण कौतुक करतो, पण ती नीट वाचत नाही. तिच्यात मुदत आहे आणि आकडा आहे. कुलगुरूपासून सगळ्यांना ती बंधनकारक आहे. तंगी सर्वांनी वाटून घेतली होती. आज पुष्कळ ठिकाणी संस्था चालवणारे सुखात असतात आणि शिक्षकाला 'मिशन' समजून काम करायला सांगितले जाते. अशा जागी शिक्षकाची गरिबी हे संस्थेचे भांडवल होते. त्याला कुर्बानी म्हणू नये. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यतेवाचून शाळा चालवता येत नाही. मान्यतेच्या अटी पुऱ्या करताना छोट्या शाळांची दमछाक होते. उद्या शाळा बंद पडली, तर चाळिशीतल्या शिक्षकाला कायम नोकरी पुन्हा कोण देणार, याचा विचारही आजच व्हायला हवा.

आणखी एक गोष्ट. सावित्रीबाई फुले आजारपणामुळे नायगावला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाची आठवण काढली आहे. आपल्या मागे तिला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे ते उद्गार आहेत. एक माणूस जागेवरून उठला, की त्याचे ओझे दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जाते, आणि बहुधा ते खांदे न बोलणाऱ्याचे असतात. आमच्या घरांत ते बायकोचे असतात, अम्मीचे असतात. आमच्या मित्राने नोकरी सोडली तेव्हा लोकांनी त्याचा सत्कार केला. घरी शिवणयंत्रावर रात्री अकरापर्यंत बसणाऱ्या भाभींना हार घालायचे कुणाला सुचले नाही. भाभींना आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "मला आधी विचारलं होतं, म्हणून मी बसते. न विचारता सोडली असती, तर ही मशीन मला जड झाली असती."

आम्हाला वाटते, या प्रश्नाचे उत्तर भाभींच्या बोलण्यात आहे. नोकरी सोडण्याचा हक आहे, पण तो घरच्यांची रजामंदी घेऊनच वापरता येतो. ज्यांना किंमत मोजावी लागणार, त्यांना ती आधी माहीत असली पाहिजे आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे. मागे राहणाऱ्या वर्गाची व्यवस्था लावल्याशिवाय उठू नये. आणि जो राहील, त्याने 'मी कायम आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. पगार सुरक्षित आहे म्हणून तर त्याला धीटपणे शिकवता येते. त्याने तसे शिकवले नाही, तर ती सुरक्षितता त्याने कुणाच्या तरी हकातून घेतली, असे म्हणावे लागेल.

त्या शाळेला आम्ही चौघांच्या सहीने उत्तर पाठवले आहे. पगार सर्वांना माहीत असावा, चालकांसकट. दरवर्षी आमच्या वस्त्यांतली दहा मुले फीविना घ्यावीत. आमची दहावी मार्चमध्ये परीक्षा देईपर्यंत कुणी येणार नाही. आणि दर शनिवारी दुपारी तिथल्या एका शिक्षकाने आमच्या शाळेत येऊन इथल्या मुलांना शिकवावे. या अटी मान्य झाल्या, तर जूनमध्ये आमच्यातला एकजण जाईल. कोण जाईल, ते चार घरांत विचारून ठरेल. उरलेले तिघे त्याच्या घराला दरमहा थोडा हातभार लावतील आणि त्याच्या वर्गाचे तास वाटून घेतील. त्यासाठी कुणाचा सत्कार करण्याची गरज नाही.