शंका बोलून दाखवा

रोज सकाळी कळव्यात, कल्याणमध्ये, डोंबिवलीत रुग्णालयांत पाळी बदलते. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला सांगते: याला पेनिसिलिनची ॲलर्जी, त्यांना उपाशी ठेवायचंय. यातलं एक वाक्य राहिलं, तर जिवावर बेतू शकतं.

शस्त्रक्रियेच्या वेळीही असं काही सांगायचं राहू नये, म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावाशी नातं सांगणाऱ्या डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी केली. चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातलाच एक. आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

नाव सांगायला एकदा तोंड उघडलेला माणूस शंकाही बोलून दाखवतो. नवख्या सिस्टरने ‘सर, थांबा’ म्हटलं, तर मोठ्या डॉक्टरांनी थांबावं. रुग्णाचा जीव हुद्द्यापेक्षा मोठा आहे.