निवृत्ती कोणाची?

‘रजोनिवृत्ती’ हा संस्कृत घाटाचा शब्द वैद्यकाने देहाच्या एका कार्यापुरता योजला; आपल्या समाजाने मात्र त्यातील ‘निवृत्ती’ तेवढी उचलली आणि ती स्त्रीच्या सगळ्या देहाला लागू करून टाकली. सरकारी नोकर दप्तर सोपवून पेन्शनीत निघतो तेव्हा त्याला निदान निरोपाचा हार तरी मिळतो. स्त्रीच्या बाबतीत पन्नाशीच्या आगेमागे केव्हातरी, कोणताही लेखी हुकूम न निघता, उडी, गिरकी आणि ठेका या तिन्ही गोष्टी तिच्या नावावरून परस्पर कमी होतात, आणि तीही त्याविरुद्ध कोठे फिर्याद करीत नाही.

हा हुकूम अन्याय्य तर खराच; पण तो निघतो तोही नेमका अवेळी. हाड म्हणजे एकदा घडून गेलेली निर्जीव खुंटी नव्हे. त्यात जुने पोखरणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशींचा जमाखर्च जन्मभर चालू असतो. पोखरणाऱ्या पेशींना आवरून धरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओसरले की खर्चाची बाजू जड होते, पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत झीज विशेष वेगाने होते, आणि तिची वर्दी पुष्कळदा मनगट किंवा खुबा मोडल्यावरच मिळते. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराला अनुसरून आपली घडण बदलते, हा सिद्धांत जूलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. भार नाहीसा झाला की धट्ट्याकट्ट्या अंतराळवीराचेही हाड महिन्यागणिक विरळ होते, हा त्याचा आपल्या काळातील दाखला. पोहणे हृदयाला हितकर खरे, परंतु पाणी देहाचा भार स्वतःच उचलून घेते. हाडाला हवा असतो तो पायाखालच्या जमिनीचा दणका, आणि तोही निरनिराळ्या दिशांनी येणारा.

अशा वेळी ज्या वस्तूची मला शिफारस करावीशी वाटते ती पोरासोरांसाठी निर्माण झालेली आहे. जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ साली ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ नावाचा खेळ नाण्यावर चालणाऱ्या यंत्राच्या रूपाने आणला. पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार चौकटी पायाखाली, आणि समोरच्या पडद्यावर संगीताच्या तालात खालून वर सरकणारे बाण. पुढे त्याची घरी अंथरण्याजोगी चटई निघाली, आणि २००६ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने मुलांचा लठ्ठपणा हटविण्यासाठी हा खेळ आपल्या सरकारी शाळांत नेण्याचे ठरविले. नातींच्या पायांसाठी सरकारने हा विचार केला; आजींच्या पायांचा विचार मात्र आपला आपणच करावयाचा आहे.

साठीकडे झुकलेल्या शेजारच्या काकूंना मी या चटईवर पाहिले आहे. पदर कमरेला खोचलेला, नजर पडद्यावर, नात ओरडते आहे, “आजी, डावा! डावा गं!” आणि काकू धापा टाकीत म्हणताहेत, “अगं, त्या बाणांना जरा थांबायला सांग की!” त्या हशात एक मर्माची गोष्ट सहज निसटून जाण्यासारखी होती. माणूस पडता पडता सावरतो तो अवचित टाकलेल्या एका पावलाने. आणि डोळे पायांकडे नसताना, कोणत्या दिशेला जावयाचे हे आयत्या वेळी कळल्यावर, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचा सरावच काकू त्या चटईवर करीत होत्या. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील माणसांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि बळ वाढविणारे व्यायाम सांगते. ‘व्यायाम’ म्हटल्यावर टाळाटाळ करणारी बाई ‘आणखी एक गाणे’ म्हटल्यावर पुन्हा उभी राहते, ही या यंत्राची खरी करामत.

यात आपल्याला सर्वस्वी परके असे काहीच नाही. मंगळागौरीच्या जागरणातील झिम्मा, फुगडी आणि पिंगा यांत हाच ठेका आणि हीच गिरकी होती. पण ती मुभा मुख्यतः नवविवाहितेची. विधवेला तर तेथे पाऊल टाकण्याचीही मनाई. यंत्र वय विचारीत नाही, कपाळाकडे पाहत नाही, हा त्याचा मोठेपणा. मात्र तोल गेला तर ते हात धरीत नाही, ही त्याची मर्यादा.

म्हणून ज्यांची हाडे ठिसूळ ठरली आहेत किंवा गुडघे कुरकुरतात त्यांनी आधी वैद्याचा सल्ला घ्यावा, उडीऐवजी पाऊल टाकावे, चटई सरकत नाही याची खात्री करावी आणि जवळ एक भक्कम खुर्ची ठेवावी. यंत्र घेण्याची ऐपत नसेल तरी अडून बसू नये. झिम्म्याला दोघी पुरतात, आणि त्यांच्यापैकी एकीनेही वयाचा दाखला आणण्याची गरज नाही.